तीच मशीन, तोच शर्ट, पगार पाचवा हिस्सा. असं का?

पंचगंगाकाठ:

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा. टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि १९९७ ला मॉरिशसमध्ये शर्टाच्या एका कारखान्यात प्रॉडक्शनला लागलो. २००३ ला मालकानं मादागास्करला पाठवलं, तानाला. राजधानीचं पूर्ण नाव अंतानानारिव्हो, पण एवढं लांबलचक नाव तिथली माणसंही घेत बसत नाहीत. २०१० ला परत आलो, आता घरचं सायझिंग (सुताला खळ लावायचा कारखाना) बघतो. अर्थशास्त्राशी संबंध बँकेच्या हप्त्यापुरता.

परवा भाची आली. एमपीएससी करतीय. वहीत तक्ता काढलेला. "मामा, तुम्ही दोन्हीकडं राहिलाय, तुम्हीच सांगा. मॉरिशसचं दरडोई उत्पन्न एका ठिकाणी साडेअकरा हजार डॉलर दिलंय, दुसऱ्या ठिकाणी तीस हजाराच्या घरात. मादागास्करचं इथं पाचशे, तिथं अठराशे-एकोणीसशे. देश तेच, साल तेच. खरं कुठलं धरायचं?" मी म्हटलं, पोरी, मला शर्टाचं विचार. ती गेली, पण डोक्यात किडा सोडून गेली. कारण तिच्या तक्त्यात नसलेला एक आकडा माझ्याकडं आहे.

झालं असं, की आमच्या मालकानं मॉरिशसमधल्या फिनिक्स गावच्या प्लांटमधल्या शिलाईच्या दोन लाईनी जशाच्या तशा उचलल्या आणि कंटेनरात घालून तानाला धाडल्या. त्याच जुकी कंपनीच्या शिलाई मशीन. काही टेबलांवर मॉरिशसच्या पोरींनी चिकटवलेले शाहरुखचे फोटोसुद्धा तसेच आले. कापड तेच, धागा तोच, गिऱ्हाईक तेच, सॅम तोच. (सॅम म्हणजे एक पीस शिवायला ठरवून दिलेली मिनिटं, आमचा शर्ट बावीस मिनिटांचा.) पगार मात्र डॉलरात मोजला तर फिनिक्सच्या पाचवा हिस्सा, एखाद्या वर्षी त्याहूनही कमी.

मालक हलला कशाला, तर अमेरिकेची आगोआ सवलत. २००० सालचा कायदा. १९९८ ला ज्या आफ्रिकी देशाचं दरडोई उत्पन्न १,५०० डॉलरच्या खाली होतं, त्यानं कुठलंही कापड आणून शिवलेला शर्ट अमेरिकेत बिनजकात जायचा. मॉरिशस त्या रेघेच्या वर, म्हणून त्याला सुरुवातीला ही मुभा नव्हती. म्हणजे बघा, भाचीच्या वहीतल्या असल्याच एका आकड्यापायी आमच्या मशीन बोटीत चढल्या.

तानात पहिलं वर्षभर लाईनची एफिशियन्सी (सॅमच्या हिशेबानं व्हायला हव्या त्या कामातलं खरं किती टक्के झालं ते) चाळिशी ओलांडंना. फिनिक्सला पासष्ट म्हणजे वाईट दिवस. मला वाटलं बायका नवख्या आहेत. होत्याही. पण मला डायरीची सवय. लाईन थांबली की वेळ आणि कारण लिहायचं. ती डायरी भाचीच्या निमित्तानं माळ्यावरनं काढली. 'ऑपरेटर चुकली' असं फार थोडं सापडतं. वीज गेली, जनरेटर धरायला चार मिनिटं. कॉलरची इंटरलायनिंग (आतलं कडक कापड) आली नाही. बटणं आली नाहीत. बटणं तोआमासिनाच्या बंदरात, बंदर साडेतीनशे किलोमीटर खाली समुद्रावर आणि आम्ही जवळजवळ तेराशे मीटर उंचीवर. मधे एकच घाटरस्ता. मार्च २००४ मध्ये गाफिलो वादळ आलं त्या आठवड्याच्या पानावर नुसती उभी रेघ मारलेली आहे. फिनिक्सला बटणं संपली तर पोर्ट लुईला स्कूटरवर पोरगा पाठवायचा, जेवणाच्या सुट्टीच्या आत परत.

दुसरी गोष्ट गेटवरची. तानाला सकाळी सहाला गेटबाहेर शंभर-दीडशे बायका उभ्या असायच्या, थंडीत शाल गुंडाळून. आज कुणाची गैरहजेरी पडली तर आपल्याला आत घेतील, एवढ्या आशेवर. फिनिक्सला उलटं. तिथं संध्याकाळी सुटायच्या वेळी रस्त्यापलीकडं हॉटेलवाल्यांची मिनीबस येऊन थांबायची. ड्रायव्हर आमच्याच पोरींना हाका मारायचा, हाउसकीपिंगला येता का म्हणून. शेवटी आम्हाला शिवायला चीनहून पोरी आणाव्या लागल्या.

आता खर्चाचं. तानात तांदूळ मापानं मिळतो. मापाचं नाव कापुआका, म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा. साडेतीन डब्यांचा किलो धरतात. आमच्या आज्जीच्या शेर-पायलीसारखंच. त्यात मी गेलो त्या वर्षी तिथलं चलन बदललं. फ्रँक जाऊन आरियारी आलं, एका आरियारीचे पाच फ्रँक. पण बाजारातल्या बायका पुढं कितीतरी वर्षं भाव फ्रँकमध्येच सांगायच्या, आणि मी भाजीसमोर उभा राहून पाचनं भागत बसायचो. केस कापणं मॉरिशसच्या मानानं फुकटच. मोलकरीण, सुतार, टॅक्सी, सगळं स्वस्त. पण औषधाची गोळी, टायर, मोबाईल यात काही फरक नाही. उलट तानात चार पैसे जास्तच.

मग जाणकारांनी सांगावं: असल्या दोन बाजारांचं एकच माप कसं काढतात? आणि मशीन, धागा, शर्ट सगळं सारखं असताना त्या बाईची किंमत पाचवा हिस्सा कुणी ठरवली?


दरपत्रक:

साहेब, कापुआका वाचला आणि थेट संगमेश्वरचा बाजार डोळ्यांसमोर आला. मी केंद्राच्या सर्वेक्षण खात्यात ३१ वर्षं फील्डवर काढली. त्यातली निम्मी किमती गोळा करण्यात. ठरलेलं गाव, ठरलेलं दुकान, ठरलेली वस्तू. शेड्यूलमध्ये लिहिलेलं असायचं 'किलो', आणि समोर बाई बसलेली वाटे लावून. मग तिच्याकडून दोन वाटे घ्यायचे, पदरचे पैसे घालून, आणि पिशवीतल्या काट्यावर तोलायचे. एका महिन्यात वाटा पाऊण पावाचा, पुढच्या महिन्यात अर्ध्या पावाचा, आणि भाव दोन्ही वेळा पाच रुपये. ती म्हणणार भाव वाढवलाच नाही. खरंच आहे तिचं.

आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी हेच काम जगभर करतात. सुरुवात १९६८ ची, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. क्रॅव्हिस, हेस्टन आणि समर्स ही तीन नावं. पहिल्या दहा देशांत भारत होता. कल्पना सरळ आहे. डॉलरचा बाजारातला भाव बाजूला ठेवा. तीच वस्तू इथं किती रुपयांना आणि अमेरिकेत किती डॉलरला, हे शेकडो वस्तूंचं काढा. तांदळावर दर वेगळा येतो, टायरवर वेगळा, दाढी-कटिंगवर फारच वेगळा. त्यांची सरासरी काढायची, लोक कशावर किती खर्च करतात त्याचं वजन लावून. भारताचा असा दर अलीकडे डॉलरला वीस-बावीस रुपयांच्या आसपास निघतो. बँकेत डॉलर ऐंशीच्या वर, म्हणून आपला आकडा चौपट दिसतो. तुमच्या भाचीचा दुसरा रकाना तो. मॉरिशसच्या साडेअकराचे तीस हजार आणि मादागास्करच्या पाचशेचे अठराशे याच रस्त्याने झाले. एकात फरक बावीस-तेवीस पटींचा, दुसऱ्यात पंधरा-सोळा पटींचा. खोटं एकही नाही. परदेशातून टायर आणायचे असतील तर पहिला बघा, घरी भात शिजवायचा असेल तर दुसरा.

दुखतं ते इथे: कुणाचं वजन लावायचं? तानातल्या बाईचा बराच पगार तांदळात जातो, मॉरिशसवाल्याचा गाडीच्या हप्त्यात. श्रीमंत देशाच्या भावांनी मोजलं तर गरीब देश जरा सुखवस्तू दिसतो, कारण मोलकरीण, न्हावी, टॅक्सी असली तिथली स्वस्त सेवा मग महाग भावाने मोजली जाते. आणि शिक्षक किंवा तलाठी यांचा 'भाव' काय धरणार? शेवटी पगारावरूनच काढतात. मग कमी पगाराचा मास्तर कमी शिकवतो का, हा वाद टेबलावर येतोच.

आकडे हलतात किती, ते सांगतो. २००५ च्या फेरीचे निकाल आले तेव्हा चीन आणि भारत दोघांचंही उत्पन्न या मापात जवळजवळ ४० टक्क्यांनी आकसलं. इथे कुणाच्या ताटातली भाकरी कमी झाली नव्हती. आधीचे अंदाज जुन्या पायावर रचलेले होते, एवढंच. मग २०११ ची फेरी २०१४ ला प्रसिद्ध झाली आणि भारत जपानला मागे टाकून तिसरा. पेढे वाटणाऱ्यांनी वाटले. घानात तर २०१० च्या नोव्हेंबरमध्ये हिशेबाचं आधारवर्ष १९९३ वरून २००६ वर नेलं आणि अर्थव्यवस्था एका रात्रीत ६० टक्क्यांनी मोठी निघाली.

आणि भागाकारात खाली माणसं असतात, हे विसरायचं नाही. मादागास्करमध्ये स्वातंत्र्यानंतर जनगणना तीनच, १९७५, १९९३ आणि २०१८. मधली पंचवीस वर्षं दरडोई म्हणजे दर अंदाजे डोई. हसू नका, आपली २०२१ ची कुठे वेळेवर झाली?

एक प्रश्न मात्र तुम्हाला: तो डबा शीग लावून भरायचे की शीग मोडून? चेष्टा नाही. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडतो.


रोखठोक८२:

एवढं पुराण कशाला? गरम हवा, केळी-आंबे झाडावर. लोकांना कामच नको असतं. सहा महिने दक्षिण आफ्रिकेत साइटवर होतो, बघितलंय सगळं.


पंचगंगाकाठ:

तानात जूनमध्ये स्वेटर लागतो हो. आणि वर लिहिलंय ते परत वाचा: सहाला गेटवर दीडशे.

दरपत्रक, मनापासून आभार. वाट्याचा किस्सा भाचीला वाचून दाखवला. डब्याचं सांगतो, जरा आठवू द्या.


लालबागचा_नातू:

रोखठोक, तुमचा हा सिद्धांत शंभर वर्षं जुना आहे आणि तो पहिल्यांदा आमच्या आजोबांवर लावला गेला होता.

पंचगंगाकाठांचा प्रश्न सूत गिरण्यांच्या बाबतीत अगदी असाच विचारलेला आहे. १९१० च्या सुमारास मुंबईच्या गिरणीत आणि लँकेशायरच्या गिरणीत यंत्रं एकाच जातीची. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची मुंबईत कितीतरी होती. बांधणी, मॅनेजर, फोरमन, बराचसा मालही तिकडूनच. ग्रेगरी क्लार्क या इतिहासकाराने १९८७ मध्ये जगभरच्या गिरण्यांची तुलना छापली. त्याचा हिशेब असा, की अमेरिकेत न्यू इंग्लंडमधला एक कामगार जेवढी यंत्रं सांभाळायचा, तेवढ्यांना भारत, चीन, जपान, ग्रीसमध्ये जवळजवळ सहा माणसं लागायची. मजुरी स्वस्त, पण डोकी सहापट, म्हणजे स्वस्ताईचा फायदा तिथेच जिरला. नाहीतर सगळं जग मुंबईचंच कापड नेसलं असतं.

इथपर्यंत आकडे. कारणावर मात्र मारामारी आहे. क्लार्कचा रोख कामगारावरच जातो. पण तुमच्यापैकी कुणी आखूड धाग्याच्या कापसाचं सूत रिंगवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, चढलेलं पाहिलंय? तुटतं. सारखं तुटतं. मालक स्वस्त कापूस घालणार, तुटलेला धागा जोडायला जास्त हात लागणार, आणि हात स्वस्त असल्यामुळे मालकाला तेच परवडणार. त्यात आळस कुठे आला? जॉबर, म्हणजे भरती करणारा मुकादम, आपली माणसं भरणार, ते वेगळंच.

आजोबा विव्हिंगला होते. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, दीडेक लाख कामगार बाहेर. मागण्यांच्या यादीत बरंच काही होतं, पण घरात आमच्या एकच वाक्य उरलं: दोनाचे तीन माग करायचे म्हणतात, मग तिसऱ्या माणसानं जायचं कुठं? मॅनेजमेंटच्या पुस्तकात याला उत्पादकतेला विरोध म्हणतात. चाळीत त्याला पोट म्हणायचे. गिरणीबाहेर दुसरं काम असतं तर कदाचित तीनच काय, चारही माग घेतले असते.

आणि जपान? १९१० ला आपल्याच रांगेत, सहाला एक. पंचवीस वर्षांत तो मुंबईच्या कितीतरी पुढे गेला. हवा बदलली का तिकडची?


डब्लिनकर:

मापाबद्दल एक भर. मी आयर्लंडमध्ये नोकरी करतो. २०१५ साली इथलं जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढलं. माझा पगार दोन टक्के वाढला होता, घरभाडं त्याहून जास्त. झालं एवढंच, की काही बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता आयर्लंडच्या वहीवर आणली. इथल्या सांख्यिकी कार्यालयानेच मग हा वरचा फेस काढून टाकलेलं वेगळं माप सुरू केलं. मॉरिशसच्या आकड्याकडेही त्या नजरेने बघा. १९८३ च्या करकरारामुळे भारतात येणारी कितीतरी गुंतवणूक कागदोपत्री पोर्ट लुईमार्गे यायची, २०१६ ला करार बदलेपर्यंत. तिथल्या एका इमारतीत किती कंपन्यांचे पत्ते असतील, देव जाणे.


खडूफळा:

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. डब्लिनकरांचं बरोबर आहे, पण मॉरिशसची श्रीमंती कागदी म्हणून मोडीत काढू नये. आयुर्मान, शाळा, बालमृत्यू काहीही घ्या, मादागास्करपासून ते दूरच आहे. १९९० मध्ये महबूब उल हक यांनी मानव विकास निर्देशांक काढला तो याच पडताळणीसाठी; नुसतं उत्पन्न नको, माणूस किती जगतो आणि किती शिकतो तेही धरा. अमर्त्य सेन यांना सगळं एका आकड्यात कोंबणं आधी पटलं नव्हतं, पण हक यांना जीडीपीइतकाच ठोकळेबाज आकडा हवा होता, कारण वर्तमानपत्रात तोच छापून येतो. श्रीलंका त्या यादीत आपल्या किती वर आहे, ते भाचीला बघायला सांगा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. त्या बाईची किंमत तुमच्या मशीनने ठरवली नाही, गेटबाहेरच्या जगाने ठरवली. तानातली बाई तुमच्याकडे आली नाही तर तिच्यापुढे काय होतं? कुदळीने भातखाचर खणणं किंवा रस्त्यावर काहीतरी विकणं. मालकाने त्याहून थोडं जास्त दिलं की गेटवर दीडशे उभ्या. फिनिक्सच्या पोरीपुढे मिनीबस होती. तिला अडवायचं तर मिनीबसइतकं द्यावं लागणार. तुमचा न्हावीसुद्धा त्याच कारणाने महाग होता. मॉरिशसचा न्हावी काही पाचपट वेगाने कात्री चालवत नाही, पण पोराला दुकानात टिकवायचं तर हॉटेलच्या पगाराशी बरोबरी करावी लागते. बलासा आणि सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये, वेगवेगळं लिहून, हीच गोष्ट मांडली. म्हणजे तक्त्यातले दोन रकाने का जुळत नाहीत आणि पगार पाचवा हिस्सा का, ही दोन्ही कुलपं एकाच किल्लीची.

अर्थात मग खरा प्रश्न उरतो: मॉरिशसमध्ये मिनीबस आली कुठून? १९६१ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या समितीने बेटाचं भविष्य अंधारं ठरवलं होतं. ऊस सोडून पीक नाही, लोकसंख्या भराभर वाढतेय, पाच-सहा धर्म-भाषांची माणसं, वर चक्रीवादळं. मीड काही सोमेगोमे नव्हते, १९७७ चं नोबेल त्यांना मिळालं. चुकलं ते कुठे, यावर अरविंद सुब्रमणियन आणि देवेश रॉय यांनी नंतर लिहिलंय, आणि त्यांनाही एका ओळीचं उत्तर सापडलेलं नाही.

मला जे पटतं ते सांगते. १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मळे मूठभर फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे आणि मतं गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, नातवांकडे. मळे हिसकावून घेणं सोपं होतं. घेतले नाहीत, साखरेच्या निर्यातीवर कर लावला आणि त्यातून शाळा-दवाखाने चालवले. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून फुकट. १९७० ला निर्यात कारखान्यांचा कायदा झाला, त्यामागे एदुआर लिम फाट हे प्राध्यापक, तैवानकडे बघून आलेले. १९७५ पासून युरोपने ठराविक साखर चढ्या हमीभावाने घ्यायची ठरवली आणि त्यात सर्वांत मोठा कोटा मॉरिशसचा. कोल्हापूरकडच्या माणसाला हमीभावाची ताकद सांगायला नको. ते पैसे मळेवाल्यांनी पॅरिसला न नेता तुमच्यासारख्या कारखान्यांत आणि हॉटेलांत घातले, कारण आपला मळा उद्या जाणार नाही ही खात्री होती. पुढे हाँगकाँगचे कारखानदारही आले. १९९७ ला हाँगकाँग चीनकडे जाणार याची त्यांना धास्ती होती, आणि कपड्याच्या जागतिक कोट्यात मॉरिशसला जागा मोकळी होती.

मादागास्करमध्ये १९७५ नंतर बँका, विमा, मोठ्या कंपन्या सरकारजमा झाल्या. १९७२, १९९१, २००२, २००९, सरकारं पुन्हा पुन्हा रस्त्यावर बदलली. २००२ मध्ये तर राजधानीची नाकेबंदी करून पूल पाडले होते. तुमच्या मालकाने एक वर्ष आधी मशीन हलवल्या असत्या तर त्या बंदरातच गंजल्या असत्या. १९६० मधल्या दरडोई उत्पन्नापेक्षा तिथलं आजचं कमी आहे, युद्ध न होता.

संस्था (म्हणजे कायदे, मालकी हक्क, कारभाराचे नियम) चांगल्या म्हणून देश श्रीमंत, असं अॅसमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन म्हणतात. २०२४ चं नोबेल त्यांनाच. वर्गात मी ते शिकवते. पण मॉरिशस मला त्यात नीट बसवता येत नाही. गुलाम आणि गिरमिटिये राबवायला वसवलेलं बेट ते. त्यांच्या हिशेबाने तिथे लुटारू संस्थाच मुरायला हव्या होत्या. दोन टोळ्यांना एकमेकांची भीती वाटली आणि त्यांनी तडजोड केली, एवढंच मला दिसतं. हे सूत्रात कसं लिहायचं?

आणि रेघांचं म्हणाल तर, जागतिक बँकेने जुलै २०२० मध्ये मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात घातलं, कोविडने पर्यटन बसलं आणि पुढच्या जुलैत पुन्हा खाली उतरवलं.


लालबागचा_नातू:

खडूफळा, गेटबाहेरचं एकदम पटलं. आजोबांच्या 'तिसऱ्या माणसानं जायचं कुठं'चं उत्तर हेच. फक्त एक: मळे हिसकावले नाहीत म्हणून कौतुक करताना, त्या मळ्यांत कोकणातून नेलेली आपली माणसंही राबली होती हे लक्षात असू द्या. मुंबईहून बोटी जायच्या.


पंचगंगाकाठ:

त्यांची नातवंडं भेटली मला. गणपतीला तिथं सरकारी सुट्टी असते, आणि मिरवणुकीत जाखडी नाचतात. बोलतात क्रिओल, आरती मराठीत. आमच्या कटिंगच्या सुपरवायझर बाई त्यातल्याच. त्यांची मुलगी मिनीबसमध्ये बसून गेली ती आता हॉटेलात अकाउंट्सला आहे.

खडूफळा मॅडम, गेटचं मी वीस वर्षं नुसतं बघत होतो. एकच शंका. २००६ च्या सुमारास तानात माझी एक लाईन फिनिक्सच्या तोडीला आली. जनरेटर मोठा घेतला होता, बटणांचा महिन्याचा साठा ठेवायला लागलो होतो. कॉलरवर बसणारी बाई तर फिनिक्सपेक्षा वेगवान. सॅमच्या हिशेबानं सत्तरच्या वर. तरी पगार गेटनंच ठरवला, हे खरं. मी मालकाकडं शब्द टाकला होता, थोडा बोनस मिळाला, तेवढंच. २००९ ला तिथं सरकार उलथलं, १ जानेवारी २०१० पासून अमेरिकेनं सवलत काढून घेतली, आणि मार्चपर्यंत कारखाना बंद. आता त्या बायकांची एफिशियन्सी शून्य धरायची का? हात तर तेच.

दरपत्रक, डब्याचं आठवलं. गेटसमोर एक म्हातारी बसायची. ओळखीच्याला शीग लावून, वर अजून एक चिमूट. अनोळखी असला की तळहात फिरवून शीग मोडायची. मला पहिले तीन महिने मोडून मिळाला. भाव दोघांना एकच.


दरपत्रक:

मग शेड्यूलमध्ये दोन नोंदी करायला लागतील. आणि भाव घ्यायला जाणारा सरकारी माणूस कायम अनोळखी, त्याला नेहमी मोडलेलीच शीग मिळणार. म्हणजे तिथला तांदूळ खरा आहे त्यापेक्षा कागदावर जरा महाग लागलेला असणार. डबा रिकामा असेल घरात तर एकदा पाणी भरून मापून सांगता का, किती मिलीचा आहे?


पंचगंगाकाठ:

आहे. बायकोनं त्यात कढीपत्ता लावलाय. रविवारी काढतो.